नोकरी बदलली की युनियन मागेच राहते!

आंबीतल्या कॉलेजांपासून तळेगाव एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. कॅम्पसमध्ये पॅकेजवर तासन्‌तास चर्चा रंगते, युनियनचा विषय मात्र कुणी काढत नाही. पण 'ही नोकरी सोडू का?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच असतं.

कारखान्यातल्या पर्मनंट कामगाराला युनियन हवीच असते. पगारवाढीचा करार तीच करते. कपात झालीच, तर शेवटी लागलेला आधी बाहेर, हा कायद्यातला सर्वसाधारण नियम. म्हणजे सिनियॉरिटी हीच कमाई! कंपनी बदलली की ती शून्यावर. मग कोण हलणार? फ्रीमन आणि मेडॉफ या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनीही १९८४च्या पुस्तकात हेच मांडलं, की युनियनचे सदस्य राजीनामे कमी देतात.

आयटीत उलटं. पगार वाढवायचा तर उडी मारायची, मग वर्गणी भरायची कशाला? पुण्यात आयटीवाल्यांच्या संघटना आहेत, पण कंपनीशी पगाराचा करार करण्याइतकी ताकद अजून नाही. आणि ॲप्रेंटिस? १९६१चा कायदा त्याला शिकाऊ म्हणतो, कामगार नाही.

पण युनियन असली म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये युनियन होती. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबलं, हजारावर कामगारांची नोकरी गेली. पुढे २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. 'आम्हालाही सामावून घ्या' म्हणत कामगार लढले. गेट तेच राहिलं, पण त्यांची वर्षं नव्या मालकाच्या हिशेबात आली नाहीत.

यावर महाराष्ट्राने एक उत्तर फार आधी शोधलंय. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी लढले आणि १९६९ मध्ये कायदा आला. माथाडीची नोंदणी मंडळाकडे असते. मालक मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतात, पीएफ-ग्रॅच्युइटी मंडळ बघतं. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या, तरी हक्क सोबतच! दर महिन्याला कंपनी बदलणाऱ्या गिग कामगारांसाठी हाच धडा आहे.

तोवर इंटरव्ह्यूत पॅकेजसोबत एवढं विचाराच : ॲप्रेंटिस, कंत्राटी की पर्मनंट? पीएफचा यूएएन नंबर तुमच्यासोबत येईल. बाकी काय काय गेटवरच राहणार, ते सही करण्याआधी कळलेलं बरं.