विशेषणांची सोयरीक

अमेरिकेतल्या स्थळाला पाठवायच्या बायोडाट्यावर नजर टाकायला ओळखीची मंडळी माझ्याकडे येतात. तीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवल्याची ही पेन्शनच म्हणा! त्यांतल्या बऱ्याच कागदांवर मुलगी 'होमली' असते. लिहिणाऱ्याच्या मनात घरगुती वळणाची, माणसांत रमणारी लेक. इंग्रज माणूस हा शब्द साध्या, उबदार घराला लावतो. अमेरिकेत मात्र 'होमली' म्हणजे दिसायला सुमार! तिथेच वाढलेल्या मुलाने तो कागद वाचला तर? मुलीचा काही दोष नसताना एका विशेषणापायी स्थळ हातचे जायचे.

क्रियापद चुकले तर वाक्य लंगडते. ऐकणारा समजून घेतो. विशेषण चुकले तर वाक्य ताठ उभे राहते आणि भलतेच बोलते. 'फेमस' आणि 'नोटोरियस' दोघेही प्रसिद्ध, पण दुसरा कुप्रसिद्ध. 'एनर्व्हेटिंग'मध्ये मुलांना एनर्जी ऐकू येते. अर्थ नेमका उलटा, शक्ती शोषून घेणारे. 'एग्रीजियस'ची कथा तर गमतीची. लॅटिनमधला मूळ अर्थ कळपातून उठून दिसणारा. एके काळी इंग्रजीत ती स्तुती होती. आता हा शब्द ढळढळीत चुकीला किंवा अपराधाला लावतात.

परीक्षांना बसणारी मुले असे शब्द रोज वीस-वीस पाठ करतात. नॉर्मन लुइस यांचे १९४९ साली निघालेले 'वर्ड पॉवर मेड ईझी' आजही मुलांच्या हातात दिसते. पुस्तक चांगलेच आहे. दोष नुसत्या घोकंपट्टीचा. यादीत शब्द एकटा असतो, भाषेत त्याची सोयरीक ठरलेली असते. आपल्याकडे पाहा ना: काळा कुळकुळीत, पिवळा धमक, लाल भडक, पांढरा शुभ्र. काळ्याला धमक लावून पाहा, शेजारचे पोरही हसेल. हे त्याला कुणी शिकवले? कानांनी! इंग्रजीतही चहा 'स्ट्राँग' असतो, 'पॉवरफुल' नसतो. इंजिन मात्र 'पॉवरफुल' चालते. पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग'. 'व्हेरी टायर्ड' म्हणा, पण 'एक्झॉस्टेड'मागे 'व्हेरी' नको. दमण्याची परमावधी त्यात आधीच आली.

आणि रांग? टॉल्किन यांनी १९५५ साली कवी ऑडन यांना लिहिलेल्या पत्रात लहानपणची आठवण सांगितली आहे. सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आई म्हणाली, 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणायचे. असे का, हे कोडे भाषेचे प्राध्यापक झाल्यावरही त्यांना पडलेलेच होते! व्याकरणकार सांगतात: आधी आपले मत, मग आकारमान, वय, रंग, मूळ गाव, शेवटी कशाचे बनले ते. म्हणून 'लव्हली ओल्ड ब्राउन वुडन टेबल'. पाठ करू नका, चार वेळा मोठ्याने म्हणा.

माझ्या मुलांना मी एक शिस्त लावली होती. नवे विशेषण वहीत एकटे उतरवायचे नाही, सोबतच्या नामासकट उतरवायचे. आणि वाचनात तीनदा भेटल्याशिवाय स्वतः वापरायचे नाही. मुले कुरकुरत. असो.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या शिष्यवृत्तीसाठीचे शिफारसपत्र तिच्या सरांनी माझ्याकडे पाठवले. त्यात ती 'सिंपल', 'इनोसंट' आणि 'ओबीडियंट' होती. सरांच्या मनात साधी, निरागस, आज्ञाधारक मुलगी; मराठीत हे कौतुकच. पण इंग्रजीत माणसाला 'सिंपल' म्हटले की तो बुद्धीने बेताचा ठरू शकतो, आणि संशोधनाला आज्ञाधारक कोण मागतो? मी सरांना विचारले, ही मुलगी नेमके करते काय? तेव्हा कळले, की प्रयोगशाळेतला एकच तराजू बिघडल्यावर तिने एक मोजमाप सलग अकरा दिवस पुन्हा पुन्हा घेतले होते. तेच पत्रात घातले. विशेषणे दोनच उरली, 'पर्सिस्टंट' आणि 'मेटिक्युलस'. चिकाटीची आणि काटेकोर. सरांना पत्र फार कोरडे वाटले, 'निदान एक्सलंट तरी राहू द्या' म्हणाले. मी नाही राहू दिले.