शिफारशीमागचे कारण : तीन दशकांचा मागोवा

इंटरनेटवर काही सुचवताना दोन बाबी पाठवायच्या असतात : ती गोष्ट आणि ती का पाहावी याचे कारण. १९९२ ते २०२० या काळात पहिली बाब पाठवणे सोपे होत गेले. दुसरीची जागा आक्रसत गेली.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ‘टॅपेस्ट्री’ या प्रणालीचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ईमेलच्या ढिगातून कामाचे तेवढे निवडता यावे म्हणून वाचणारा संदेशाला शेरा जोडी आणि इतर जण त्या शेऱ्यांवरून शोध घेत. १९९४ च्या ‘ग्रुपलेन्स’ या प्रणालीत शेऱ्याऐवजी १ ते ५ गुण आले. गुणांवर संगणकाला हिशेब करता येई, त्यामुळे हजारो वाचकांसाठी ही पद्धत सोयीची ठरली.

लेखी कारण तरीही टिकून होते. डिसेंबर १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी ‘रोबॉट विज्डम’ या आपल्या संकेतस्थळावर वाचलेल्या पानांचे दुवे छोट्या टिपणांसह देण्यास सुरुवात केली. २००३ च्या ‘डिलिशस’ या दुवे साठवण्याच्या सेवेत प्रत्येक दुव्याखाली टीप लिहिण्याची सोय होती. मजकूर कोणाच्या उपयोगाचा, त्यातला कोणता भाग चुकवू नये, तो कुठे कमी पडतो, हे दोन ओळींत सांगता येई. याउलट नुसते ‘जरूर वाचा’ हे शब्द कशालाही लागू पडतात. म्हणून त्यांवरून वाचणाऱ्याला निवड करता येत नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’ आले, नोव्हेंबरमध्ये ट्विटरवर ‘रीट्विट’चे बटण. तोवर दुसऱ्याचा मजकूर हाताने उतरवताना लोक स्वतःचे दोन शब्द जोडत. बटणाने त्या शब्दांची गरज संपवली. भारतात व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डने हेच केले. त्यावरून पसरलेल्या, मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. देशात अशा घटना वाढल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतातील फॉरवर्ड एका वेळी पाच चॅटपुरते मर्यादित केले.

ऑक्टोबर २०२० मध्ये, अमेरिकेतील निवडणुकीआधी, ट्विटरने रीट्विट करणाऱ्यापुढे स्वतःचे मत लिहिण्याचा रकाना आणला. एकूण शेअरिंग २० टक्क्यांनी घटले. मात्र कंपनीच्याच पाहणीनुसार, वाढलेल्या टिप्पण्यांपैकी ४५ टक्के एका शब्दाच्या होत्या आणि ७० टक्के २५ अक्षरांहून लहान. डिसेंबरमध्ये तो बदल मागे घेण्यात आला. रकान्यामुळे घाई थोडी कमी झाली; कारण लिहिण्याची सवय मात्र लागली नाही.