सायकलीवरून मांजरी

पुणे शहराच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या दक्षिण तीरावर वसलेले मौजे मांजरी बुद्रुक, तालुका हवेली, हे गाव 2021 च्या जूनअखेर महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले, आणि त्याबरोबर कोणत्याही दप्तरात उद्यान म्हणून नोंद नसलेला, परंतु विस्ताराने आणि वृक्षराजीने एखाद्या मोठ्या नगरोद्यानाची उणीव भरून काढील असा भूप्रदेशही शहराच्या पदरी पडला. सायकल भाड्याने घेऊन कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत चढत जावे अशी सोय मुंबईकराला बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात लाभली आहे. पुण्याच्या पूर्वभागाला तसे अरण्य नाही. येथे आहेत त्या संशोधनासाठी राखलेल्या शेतजमिनी, आणि त्या एकमेकींपासून इतक्या अंतरावर आहेत की पायी चालणारा थकून जातो व मोटारीत बसलेल्याच्या दृष्टीस कुंपणापलीकडचे काही पडत नाही, म्हणून या परिसराचा खरा परिचय करून घ्यावयाचा तर सायकलच हवी.

या हिरवळीचे मूळ पाण्यात आहे. 1879 साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले, मुठेचा उजवा कालवा हडपसरच्या बाजूने पूर्वेकडे वाहू लागला, आणि जिरायतीवर गुजराण करणाऱ्या या मुलखात ऊस उभा राहिला. नीरा कालव्याच्या प्रदेशात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 साली निघण्यापूर्वी उसाच्या लागवडीचे व पाण्याचे सरकारी प्रयोग चालत ते याच मांजरीच्या शेतावर. सोलापूर रस्त्यावर ‘मांजरी फार्म’ हे नाव आजही त्या काळाची साक्ष देते. उसाची ही परंपरा खंडित झाली नाही, कारण 1975 साली साखर कारखानदारीसाठी स्थापन झालेली आणि पुढे वसंतदादा पाटील यांचे नाव धारण करणारी संस्था याच गावात आहे. हिवाळ्यात उसाला तुरे फुटले म्हणजे वाऱ्याबरोबर लवणारी ती रुपेरी रांग रस्त्यावरूनही दिसते, आणि तिथे पायडल आपोआप मंदावतात.

द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र 1997 पासून येथे आहे, आणि ऋतुचक्र पाहण्यास त्याच्यासारखे दुसरे स्थळ मला ठाऊक नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाल्यावर मांडवावर नुसत्या तपकिरी काड्या उरतात, परंतु ऑक्टोबरनंतर थोड्याच आठवड्यांत कोवळी पालवी आणि घड दिसू लागतात, आणि फाल्गुनात त्याच मांडवाखाली दाट सावली पडलेली असते. गर रंगीत असल्यामुळे रसासाठी उपयुक्त ठरलेले ‘मांजरी मेडिका’ हे वाण याच केंद्राचे. मात्र गृहिणींच्या तोंडी गावाचे नाव कायम राहिले ते वांग्यामुळे. काटेरी देठाचे, जांभळट गुलाबी अंगावर पांढऱ्या रेघा असलेले ‘मांजरी गोटा’ वांगे भरली वांगी करणाऱ्याला आवर्जून हवे असते, आणि येथील उपबाजारात भाजीचे ढीग पाहत सायकल हातात धरून चालणे हाही या फेरीतला एक आनंद आहे.

हडपसरकडे वळले म्हणजे घोड्यांची कुरणे लागतात. पूनावाला कुटुंबाने 1946 साली घोड्यांची पैदास सुरू केली, आणि या घोड्यांपासून लस व रक्तजल यांच्या निर्मितीचा विचार निघून 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. महामारीच्या काळात 2021 च्या जानेवारीत कोव्हिशील्डच्या मात्रा देशभर रवाना झाल्या त्या याच परिसरातून. शेती, अश्वशाळा आणि औषधनिर्मिती यांचे इतके निकट सान्निध्य अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि परिसराची स्थिती सर्वत्र सुखद नाही. साडेसतरा नळीकडून मांजरीकडे येणाऱ्या बेबी कालव्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचललेले पाणी सोडले जाते. त्याच्या काठावरून जाताना उग्र दर्प जाणवतो, आणि शेतीला पाणी मिळाले हे समाधान त्या दर्पाने झाकोळते. रस्त्यांवर डंपरांची रहदारी वाढली असून सायकलस्वाराला स्वतंत्र मार्गिका बहुतांश ठिकाणी नाही. समाविष्ट गावांचा विकास आराखडा आखताना कालव्याची सरकारी जागा सायकल व पदपथासाठी राखून ठेवली, आणि संशोधन संस्थांनी आपल्या प्रयोगास बाध येणार नाही अशा रीतीने आवारातील अंतर्गत रस्ते रविवारी सकाळी दोन तास परवान्याने खुले केले, तर पूर्व पुण्याला नवे उद्यान बांधण्याची गरजच उरणार नाही.

सुट्टीच्या दिवशी निघावयाचे असल्यास पहाटे निघावे, कारण नऊनंतर सोलापूर रस्ता सायकलीचा राहत नाही. गावातून उत्तरेकडे नदीवरच्या पुलापर्यंत जावे आणि पलीकडच्या मांजरी खुर्दात चहा घेऊन परतावे. त्या पुलावरच महानगरपालिकेची हद्द संपते.