आजन्म परवान्याचे सॉफ्टवेअर : खरेदीपूर्वीची परीक्षा

रुग्णनोंदी, औषधसाठा व देयके यांसाठी चिकित्सालयांत आणि औषधालयांत संगणकाचा वापर वाढला आहे. त्यासोबत ‘एकदाच पैसे भरा, आजन्म वापरा’ अशा सवलतीच्या योजनाही वैद्यबंधूंपुढे येतात. आम्हीही अशी एक योजना घेतली होती. तिसऱ्या वर्षी कंपनीने सेवा बंद केली आणि जुन्या रुग्णांना पूर्वेतिहास पुन्हा विचारून कागदावर लिहून घेण्याची वेळ आमच्यावर आली. त्या अनुभवातून हे टिपण लिहीत आहोत.

करारपत्रातील ‘आजन्म’ हा शब्द बहुधा ग्राहकाच्या आयुष्याविषयी नसतो. तो त्या सॉफ्टवेअरच्या वा कंपनीच्या आयुष्याविषयी असतो. इंटरनेटद्वारे चालणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी कंपनीला सर्व्हरचा खर्च सतत करावा लागतो, आपले पैसे मात्र तिला एकदाच मिळतात. नवे ग्राहक थांबले की हा व्यवहार टिकणे कठीण होते. आपल्या संगणकावर बसवलेले सॉफ्टवेअरही ज्या प्रणालीवर चालते, ती जुनी होतेच. विंडोज 10 चे नियमित साहाय्य मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवले.

रुग्णपरीक्षेतील दर्शन, स्पर्शन व प्रश्न हाच क्रम येथेही उपयोगी पडतो.

1. दर्शन : जाहिरात बाजूला ठेवून करारपत्र वाचावे. किती संगणकांवर परवाना आहे? पुढील सुधारणा किमतीत समाविष्ट आहेत काय? 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्के जीएसटी असलेली आयुर्वेदीय औषधे 5 टक्क्यांत आली. असा बदल कोण व किती शुल्कात करून देणार, हे लेखी असावे.

2. स्पर्शन : पैसे देण्यापूर्वी आठ दिवस प्रत्यक्ष वापरून पाहावे. 500 ग्रॅम चूर्णाची खरेदी नोंदवून 5 ग्रॅमच्या पुड्या द्याव्यात व साठा बरोबर वजा होतो का ते तपासावे. केवळ गोळ्यांची पाकिटे मोजणारे सॉफ्टवेअर येथेच अडते. नंतर सर्व नोंदी एक्सेलमध्ये काढून दुसऱ्या संगणकावर उघडाव्यात. मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसल्यास तेथे निरर्थक अक्षरे दिसतात.

3. प्रश्न : तीन वर्षांपूर्वीच्या ग्राहकांची नावे मागून त्यांच्याशी बोलावे. पैसे परत मिळण्याची मुदत व कंपनी बंद झाल्यास नोंदी कशा मिळतील, हेही विचारावे.

किमतीचे गणित सोपे आहे. समजा, आजन्म परवाना 12,000 रुपयांना आणि तशाच सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी 4,500 रुपये आहे. मग 32 महिन्यांनंतरच लाभ सुरू होतो. तेवढा काळ कंपनी टिकेल असा विश्वास वाटत असेल, तरच घ्यावे. ‘मूळ किंमत 60,000’ हा आकडा या हिशेबात धरू नये.

खरेदीनंतरही दरमहा नोंदींची प्रत स्वतःच्या डिस्कवर ठेवावी. बुडालेले पैसे पुन्हा मिळवता येतात; दहा वर्षांची रुग्णपत्रे पुन्हा लिहिता येत नाहीत. म्हणून ज्यातून नोंदी बाहेर काढता येत नाहीत, ते सॉफ्टवेअर विनामूल्य मिळाले तरी स्वीकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.