कोणत्या मुलाचे वय?

‘लहान मुलांना जातीविषयी सांगू नये, ते त्यांचे वय नव्हे,’ असे एका शिक्षक-मित्राने मला सुनावले. मी विचारले, कोणत्या मुलाचे? शाळेतल्या माठापाशी ‘लांब उभा राहा’ हे शब्द मी पहिलीत ऐकले. तेव्हा माझे वय कोणी विचारले नव्हते.

अवघड विषय मुलांपुढे कसा मांडावा, यासाठी अमेरिकन दूरचित्रवाणीवरील दोन प्रसंग मला अभ्यासण्याजोगे वाटतात.

पहिला पाण्याचाच आहे. १९६४ साली फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे वर्णभेदाविरुद्ध लढणारे सत्याग्रही गोऱ्यांसाठी राखलेल्या तरणतलावात उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात आम्ल ओतले. १९२७ साली महाडच्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करणाऱ्यांचेच हे भाऊबंद! पुढे १९६९ च्या मे महिन्यात फ्रेड रॉजर्स यांनी आपल्या मुलांच्या कार्यक्रमात उकाडा म्हणून छोट्या हौदात पाय सोडले आणि पोलिसाची भूमिका करणारे कृष्णवर्णीय गायक फ्रान्स्वा क्लेमन्स यांना शेजारी बोलावले. पाणी एकच, टॉवेलही एकच. भाषण मुळीच नाही.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. ‘सेसमी स्ट्रीट’मधील दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. निर्मात्यांनी ते पात्र परगावी धाडले नाही. १९८३ च्या भागात ‘बिग बर्ड’ हा बालबुद्धीचा पक्षी हूपरसाठी काढलेले चित्र घेऊन येतो. मोठी माणसे त्याला सांगतात की ते मरण पावले, आता परत येणार नाहीत. ‘झोपले’ नाही, ‘देवाघरी गेले’ नाही. त्याचे प्रश्न संपेपर्यंत ती त्याच्याजवळ थांबतात.

पहिल्या प्रसंगात समता दिसते, पण पाण्यापासून कोणाला हाकलले जात होते हे मुलाला कळत नाही. दुसऱ्यात दुःखाला त्याच्या नावाने हाक मारली आहे. जातीविषयी बोलताना आपल्याला दोन्ही हवे. एका पेल्याने सर्वांनी पाणी प्यावे, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. आणि ज्याला लांब उभे केले गेले त्याला मोठ्यांनी स्पष्ट सांगावे, की ‘याला जातिभेद म्हणतात. तो अन्याय आहे. चूक तुझी नाही.’

ही तीन वाक्ये मला पहिलीत कळली असती. ती सांगणारे मात्र कोणी नव्हते.