परसातले सहा कोंबडे

गेल्या दिवाळीनंतर आमची कोंबडी खुडूक झाली, म्हणून तिला बारा अंड्यांवर बसवली. एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं निघाली आणि घरात कोण आनंद झाला! पण दोन महिन्यांत त्यातल्या सहांचे तुरे लाल होऊन वर आले, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, सहा कोंबडे? मग अंडी घालणार कोण?"

मैत्रिणींनो, परसात कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकीवर ही वेळ येतेच. पिल्लांत साधारण निम्मे नर निघायचेच आणि आठ-दहा कोंबड्यांना कोंबडा पुरतो एक! बाकीचे एकमेकांची डोकी फोडतात, तलंगांच्या पाठीची पिसं उपटतात आणि पहाटे चारपासून आरवून आळी जागी करतात. शेजारच्या काकू तर रोज सकाळी फाटकाशी हजर!

त्याच सुमारास एका पुस्तकात वाचलं, की बैलाचं करतात तसं कोवळ्या कोंबड्याचंही खच्चीकरण करतात. असा कोंबडा भांडत नाही, क्वचितच आरवतो, त्याचा तुरा लहान नि फिका राहतो. मांसात चरबी धरते, ते मऊ होतं. फ्रान्समधल्या ब्रेस भागातले असे कोंबडे फार नावाजलेले. निदान आठ महिने वाढवून ते नाताळच्या जेवणासाठी विकतात. वाटलं, हे आपण शिकावंच. सासऱ्यांना इन्सुलिनची सुई टोचायला शिकले, मग हे का नाही जमणार?

गेले गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, जिवंत पक्ष्याला हात लावण्याआधी मेलेल्यावर शिका. बाजारातून दोन महिन्यांचे दोन कोंबडे मारून, न सोलता आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला कोंबडा कुशीवर निजवला, शेवटच्या दोन बरगड्यांमधली पिसं काढली आणि बोटभर चीर दिली. बोकडासारखे कोंबड्याचे वृषण बाहेर नसतात. ते पोटात, पाठीच्या कण्यालगत, मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असतात. त्या वयात जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढे, पिवळसर. आणि दोन दाण्यांच्या मधून जातात शरीरातल्या मोठ्या रक्तवाहिन्या! चिमटा सूतभर सरकला की पक्षी जागीच संपतो. उलट दाण्याचा कण जरी आत राहिला, तरी तो पुन्हा वाढतो आणि सगळी मेहनत फुकट.

माझा चिमटा सरकलाच. "हा गेला," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्याचे मात्र दोन्ही दाणे सबंध निघाले. खरं सांगते, पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखी खूश झाले मी!

"आता जिवंतावर?" मी विचारलं.

"त्याला भूल लागेल. पक्ष्याला भूल देणं जोखमीचं, ते आमचं काम. पुष्कळ ठिकाणी भुलीशिवायच करत आलेत लोक. ब्रिटनमध्ये तर यावर बंदी आहे."

घरी आल्यावर शेंदऱ्याला मांडीवर घेतला. हे नाव आमच्या धाकटीनं ठेवलेलं. तो तिच्या हातून दाणे टिपतो. शेवटची बरगडी चाचपायला बोट लावलं, तर त्याचं काळीज धडधडत होतं. सकाळची ती खुशी कुठल्या कुठे गेली. मेलेल्या दोघांत माझ्या हातून एक 'गेला' होता, हे काही विसरता येईना.

मग वही घेऊन हिशेबाला बसले. खच्ची केलेला कोंबडा आणखी तीन-चार महिने पोसावा लागणार. तेवढा दाणा आणायचा कुठून? आणि कशासाठी? अख्खा कोंबडा भाजणाऱ्यांना मऊ, चरबीदार मांस हवं. आपण कोकणातल्या बायका वाटण लावून मंद आचेवर रस्सा शिजवतो, सोबत वडे. त्या रश्शाला चार-पाच महिन्यांचा साधा गावठी कोंबडाच चवीचा लागतो. म्हणजे जे शिकायला गेले, त्याची आमच्या घराला गरजच नव्हती!

मग मी काय केलं, ते सांगते.

तुरे लाल होताच नर वेगळ्या जाळीत ठेवले, कोंबड्या त्यांच्या नजरेआड. भांडणं पुष्कळ कमी झाली. रात्री खुराड्यावर जुनं गोणपाट टाकायला लागले, वाऱ्याला फट ठेवून. आत अंधार राहिल्यानं आरवणं उशिरा सुरू होतं, आवाजही दबतो. शेंदऱ्या काकूंच्या बहिणीकडे, पलीकडच्या वाडीत दिला आणि तिच्याकडचा कोंबडा आणला, कारण एकाच रक्तात पैदास केली तर पिल्लं कमजोर निघतात. दोन कोंबडे पाच महिन्यांचे झाल्यावर विकले. उरलेले तीन घरीच लागले. पहिल्याच रश्शाचं भांडं काकूंकडे पोहोचलं, तेव्हापासून त्या फाटकाशी येतात त्या गप्पा मारायला! धाकटी मात्र त्या दिवशी वरणभात जेवली. मी आग्रह केला नाही.

एवढ्यावरही कुणाला कोंबडे खच्ची करायचेच असतील, तर पशुवैद्याकडे जा. घरच्या ब्लेडनं हा उद्योग मुळीच करू नका. आणि पुढच्या खेपेला खुडूक बसवाल, तेव्हा निम्मे नर निघणार हे धरूनच जागेचा नि दाण्याचा हिशेब करा. मी या वेळी आठच अंडी ठेवली आहेत!