टंगस्टन वितळेना, हेलियम गोठेना

जुन्या पिवळ्या बल्बमधली तार साधारण २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून उजळते. लोखंडाचं १५३८ अंशांनाच पाणी होतं. बल्बातली तार टिकते, कारण ती टंगस्टनची असते आणि टंगस्टनचा द्रवणांक आहे ३४२२ अंश. सगळ्या धातूंत सर्वांत वरचा. याच गुणाने कारखानदारांना घाम फोडला होता. वितळवून ओतायचं म्हटलं तरी ठेवायचं कशात? बहुतेक मुशी त्याच्या आधीच वितळतात आणि ग्राफाइटची टिकली, तरी तिचा कार्बन धातूत मिसळतो. अखेर जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम कूलिज यांनी १९१०च्या सुमारास न वितळवताच तार काढली. भुकटी दाबून कांडी करायची, तापवून कण सांधायचे, मग तापलेली कांडी ठोकत, ओढत बारीक करायची.

इतका हट्ट कशामुळे? घन पदार्थातले अणू आपापल्या जागी थरथरत असतात. उष्णतेने थरथर वाढत जाते आणि एका क्षणी रचना मोडते, पदार्थ वितळतो. उकळायचं तर अणूंना एकमेकांपासून पार सुटावं लागतं. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत ते गॅलियम दाखवतं. ते २९.८ अंशांना, म्हणजे तळहातावरच वितळतं, पण उकळायला २००० अंशांहून जास्त उष्णता मागतं.

टंगस्टनच्या अणूचे सहा बाहेरचे इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध जोडण्यात गुंततात. आवर्तसारणीत त्याच ओळीत सहा घरं पुढे पारा आहे, आणि तो उणे ३९ अंशांपर्यंत द्रवच राहतो! पाऱ्याच्या जड केंद्रकाजवळून जाताना इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होतो. आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम इथे जाणवू लागतो. सर्वांत बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे ओढले जातात आणि शेजाऱ्याच्या वाट्याला फारसे येत नाहीत. थर्मामीटरमधल्या चकाकत्या थेंबामागे सापेक्षता असावी, ही रसायनशास्त्रातली फार सुंदर गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला हेलियम. दोनच इलेक्ट्रॉन, कक्षा भरलेली, कुणाशी बंध जोडण्याची गरज नाही. अणूंमध्ये उरते ती अत्यंत क्षीण ओढ, म्हणून तो उणे २६९ अंशांनाच उकळतो. जेम्स ड्यूअर यांनी १८९८मध्ये हायड्रोजन द्रवरूप केला, पण हेलियम त्यांना दाद देईना. १० जुलै १९०८ रोजी नेदरलँड्समधल्या लायडन इथे हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी ते साधलं. मोनाझाइट वाळूतून काढलेला हेलियम वापरून दिवसभराच्या खटपटीनंतर हाती आला जेमतेम ६० मिलिलिटर द्रव. आज एमआरआय यंत्रातली चुंबकं बहुधा याच द्रवाने थंड ठेवली जातात.

ओन्नेस यांनी त्याच दिवशी पंपाने दाब उतरवून द्रव आणखी थंड केला. तो गोठला नाही. उणे २७३.१५ हे निरपेक्ष शून्य गाठलं, तरी सामान्य दाबाखाली तो गोठणार नाही. पुंजभौतिकीच्या नियमानुसार अणू तिथेही पुरते स्तब्ध होत नाहीत, आणि इतक्या हलक्या अणूची उरलेली हालचाल त्या क्षीण ओढीला भारी पडते. फेब्रुवारी १९२६मध्ये ओन्नेस गेले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत विलेम केसोम यांनी हेलियम गोठवला, तो थंडीच्या जोडीला दाब वापरून. निरपेक्ष शून्याजवळसुद्धा त्यासाठी वातावरणाच्या सुमारे पंचवीसपट दाब लागतो.